इनायतच्या डाव्या हाताचं काय करायचं

मित्रांनो, मी डंपर. ‘जुना’ हा शब्द माझ्या नावाआधी नेमका कधी लागला ते मला सांगता येणार नाही. रंग एका बाजूने उडत गेला आणि हा शब्द दुसऱ्या बाजूने चढत आला, एवढंच आठवतं. हल्ली गेटवर कोणी विचारलं की गाडी कुठं लावू, तर सांगतात, त्या जुन्याच्या बाजूला लाव. म्हणजे मी आता पत्ता झालो आहे. पूर्वी मी वाहन होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दर काही मिनिटांनी माझ्यासारखा एक जन्माला येत होता, त्यामुळे माझ्या येण्याचा कोणाला विशेष आनंद झालेला दिसला नाही. एका माणसाने बंपरवर थाप मारली आणि तो पुढच्याकडे गेला. तेच माझं बारसं. पुढे मला जालना जिल्ह्यात, हसनाबादच्या अलीकडे, टकल्या नावाच्या डोंगरावरच्या दगडखाणीत आणलं. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते मी चिरडलं. माझ्या हातून झालेलं ते पहिलं काम. इतकं हलकं काम नंतर मला कधीच मिळालं नाही.

डोंगराच्या माथ्यावर खदान आणि पायथ्याला दगडाची खडी करणारं क्रशर. वरून भरून खाली यायचं, रिकामं होऊन वर जायचं. एकोणीस वर्षं मी हेच केलं. एकोणीस वर्षांत एक डोंगर खाली आणला म्हणायला हरकत नाही. टकल्या आता निम्माच उरलाय. हसनाबादची शाळेतली मुलं डोंगराचं चित्र काढताना त्याला वरून सपाट काढतात. त्यांना वाटतं डोंगर असेच असतात. 

या सगळ्या वर्षांत माझं स्टिअरिंग एकाच माणसाच्या हातात राहिलं. त्याचं नाव इनायत. आला तेव्हा त्याची दाढी काळी होती. आता पांढरी आहे, आणि त्यातली धूळ किती व वय किती हे फक्त आंघोळीनंतर कळतं. इनायतची सगळ्या तालुक्यात ख्याती होती, ती डिझेल वाचवण्यासाठी. भरलेली गाडी घेऊन टकल्याचा उतार उतरताना अर्ध्यात एक हिवराचं झाड लागतं. त्या झाडाजवळ आलं की इनायतचा डावा हात गियरच्या दांड्यावर जायचा आणि खट्‌ करून मला न्यूट्रलमध्ये टाकायचा. इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटायचा, आणि मी माझ्याच वजनाने खाली घरंगळायचो. एक थेंब डिझेल जळायचं नाही, असं तो सांगायचा. मालक तातेराव यावर इतके खूश होते की गेली आठ वर्षं दर सव्वीस जानेवारीला त्याला शाल द्यायचे. आठ शाली झाल्या. जालन्याच्या उन्हात माणसाने आठ शालींचं काय करायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

मित्रांनो, ही बचत कुठून येत होती ते माझ्या मागच्या चाकांना विचारा. गियरमध्ये असलं की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. माझे ब्रेकचे लायनर असे तापायचे की क्रशरवरची माणसं वासावरून ओळखायची, मी येतोय. एकदा ब्रेक लागायला जरा वेळ लागला, तेव्हा इनायतने सात वेळा अल्लाचं नाव घेतलं आणि मी एकदा. तुम्ही मोठे होऊन गाडी चालवाल तेव्हा उतारावर हे कधीही करू नका. शाल मिळत असली तरी करू नका.

आणि मी त्या माणसाला काय दिलं? पाठदुखी. माझे स्प्रिंगचे पाटे दगडासारखे आणि माझी सीट त्याहून कडक. दगड वाहणाऱ्याने दगडासारखं असावं अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी जालन्याच्या डॉक्टरांनी इनायतच्या मणक्याचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, तुम्ही करता काय. त्याने सांगितलं. ते म्हणाले, एकतर ही गाडी सोडा, नाहीतर चालणं सोडावं लागेल. इनायतने मला हे परत आल्यावर सांगितलं, बॉनेटला टेकून, उभ्यानेच. मला फार वाईट वाटलं. पण डंपरचं वाईट वाटणं रेडिएटरमधून गळतं, आणि रेडिएटर माझा आधीपासूनच गळत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमाराला तातेरावांनी बॅटरीवर चालणारा डंपर पंधरा दिवसांच्या बोलीवर मागवला.

तो आला तेव्हा मला आधी वाटलं कोणीतरी त्याला ढकलत आणलंय. आवाजच नाही. पांढराशुभ्र, धूर काढायची नळी नाही, आणि सीट अशी की माणूस बसला की ती हवेवर डुलते. इनायतने तिच्यावर बसून दोनदा डुलून पाहिलं. मग खाली उतरून म्हणाला की पाठ कुठंय तेच कळून नाही राह्यलं. मला मत्सर वाटायला हवा होता. पण एकोणीस वर्षांनंतर मत्सराला लागणारा दाबच माझ्यात उरलेला नव्हता.

चार्जिंगच्या शेडवर सत्यशीला नेमली होती. भोकरदनची पोरगी, आयटीआय झालेली, बोलणं मोजकं. तिने पहिल्याच दिवशी दोन्ही ड्रायव्हरांना उभं करून समजावलं. वर जाताना गाडी रिकामी, बॅटरी कमी खाते. उतरताना गाडी भरलेली, तेव्हा चाकंच मोटारीला फिरवतात, आणि तीच मोटार गाडीचा वेग धरते व बॅटरी परत भरते. तर उतारावर काहीच करायचं नाही. इनायतने प्रत्येक वाक्याला मान हलवली. दुसरा ड्रायव्हर मिथुन शेंगदाणे खात होता. चाळिशीतला हा माणूस आधी शाळेची बस चालवायचा आणि त्याच्या डाव्या मुठीत कायम भाजलेले शेंगदाणे असायचे.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं, एका चार्जिंगमध्ये वीस खेपा झाल्या पाहिजेत. एक दिवस इनायत, एक दिवस मिथुन, असं ठरलं.

इनायतच्या दिवशी तेराव्या खेपेनंतर चढाच्या तोंडाशी गाडीच्या पडद्यावर कासवाचं चित्र आलं. या गाड्यांत बॅटरी संपत आली की कासव दिसतं, आणि मग गाडी त्या चित्राचा मान राखते. शेवटी ती थांबली. मिथुनने मला सेल्फ मारला, मी खोकत उठलो, साखळी बांधली, आणि त्या पांढऱ्या पाहुण्याला दोनशे पावलं ओढत चार्जिंगला नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी मिथुनने वीस खेपा केल्या आणि बॅटरी उरली. तिसऱ्या दिवशी इनायत, पुन्हा तेरा, पुन्हा कासव, पुन्हा मी. विजेवरची गाडी डिझेल खाते ती अशी.

मला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती गाडी उतरताना बारीक आवाज करते, कूंऽऽ असा. मोटार बॅटरी भरतेय त्याचा तो आवाज. मिथुन उतरला की माथ्यापासून पायथ्यापर्यंत कूंऽऽ. इनायत उतरला की हिवराच्या झाडापर्यंत कूंऽऽ, आणि पुढे शांत. त्या गाडीत दांडा नव्हता, सीटच्या बाजूला वाटाण्याएवढं एक बटण होतं. ते फिरवलं की न्यूट्रल. न्यूट्रल केलं की चाकं आणि मोटार यांची ओळख संपली, बॅटरीला काही मिळायचं नाही. ज्या कामासाठी आठ शाली मिळाल्या तेच काम तो मनापासून करत होता. पण डंपरचं मत विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

तातेरावांनी मात्र बराच विचार केला. आधी त्यांना वाटलं इनायतचं वजन जास्त आहे. वीस टन दगडाच्या गाडीत दहा किलोने काय होतं, असं सत्यशीला हळू आवाजात म्हणाली. मग त्यांनी इनायतच्या पाळीला गाडीतला एसी बंद करायला लावला. इनायत घामाने भिजला, खेपा तेराच झाल्या. मग त्यांनी मिथुनला नीट न्याहाळलं, आणि दुसऱ्या दिवशी इनायतसाठी अर्धा किलो शेंगदाणे पाठवले. यात मालकांचं तितकंसं चुकलं नव्हतं हे मी आजही सांगेन. मिथुनची मूठ भरलेली असायची म्हणून त्याचा हात बटणाकडे जात नव्हता. पण इनायत भुकेला माणूस. त्याने शेंगदाणे चढावरच संपवले. उतारावर हात रिकामा.

मिथुनलाही वाईट वाटलं. “उस्ताद, तुमी लई मेहनत करून राह्यले,” तो म्हणाला. “गाडीला काई करू नका. मी कदी काईच केलं न्हाई, बघा कसं बराबर चालून राह्यलं.”

“मी बी काईच करत न्हाई,” इनायत म्हणाला. तो खरं बोलत होता. त्याला तसंच वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी तातेराव माझ्याशेजारी येऊन थांबले आणि त्यांनी इनायतला बोलावलं.

“इनायतभाई, परवा शुक्रवारी कंपनीचा इंजिनियर येऊन राह्यला. त्या दिवशी गाडी तुमच्याकडं. वीस खेपा झाल्या तर गाडी तुमची. न्हाई झाल्या तर ते त्यांचा ड्रायव्हर देणारेत, मंग तुमी गेटवर बसा. खुर्ची चांगली देतो.”

“मालक,” इनायत म्हणाला, “खुर्चीवर बसायला पाठ लागते.”

 तातेराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. इनायत माझ्यावर परत येऊ शकत नव्हता, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या पांढऱ्या गाडीची सीट हीच जगातली एक जागा उरली होती जिथे इनायत अजून ड्रायव्हर राहू शकत होता. गेटवर बसला असता तर तो येणाऱ्या गाड्यांचे नंबर सांगणारा माणूस झाला असता. मला त्यातलं कळतं. मी पत्ता झालोय.

गुरुवारी पाळी मिथुनची होती. सत्यशीलाने ती इनायतला द्यायला लावली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली. पुढचं मी दुपारच्या चहाला ऐकलं. चहा माझ्या सावलीत होतो.

पहिल्या खेपेला हिवर ओलांडला आणि ती म्हणाली, “चाचा, तुमी आत्ता न्यूट्रल केलं.”

“मी? मी हात बी लावला न्हाई.”

“मंग ह्ये कुणी फिरवलं?”

इनायतने बटणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “तुजा धक्का लागला असंल, बेटा.”

दुसऱ्या खेपेला सत्यशीला स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली. इनायत तिला आपल्या मुलीचं, रुखसारचं सांगत होता. अंबडला तिचं सासर, तिथल्या पाण्याने तिचे केस कसे गळून राह्यले. हिवराचं झाड आलं. डावा हात मांडीवरून उठला, दोन बोटांनी बटण फिरवलं, आणि परत मांडीवर येऊन बसला, जसा काही तो इथेच होता. केसांची गोष्ट मध्ये थांबली नाही. सत्यशीलाने नुसतं हनुवटीने दाखवलं. इनायतने खाली बघितलं.

त्याने गाडी भर उतारावर बाजूला लावली. हात डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा पाहिला.

“सत्यशीला,” तो म्हणाला, “ह्यो हात मला इचारत न्हाई.”

त्यानंतर त्या दोघांनी बरेच उपाय केले. इनायत डाव्या हातावर बसला, पण एका हाताने वळण घेता येईना. हात गमछ्याने सीटबेल्टला बांधला, तर हिवरापाशी हाताने असा हिसका मारला की बेल्ट आवळला आणि इनायतच काही वेळ न्यूट्रलमध्ये गेला. बटणावर झाकण चिकटवलं, हाताने ते न बघता उघडलं. एकोणीस वर्षं दिवसाला वीस वेळा शिकवलेला हात. एवढं शिकवल्यावर माणसाची मुलंसुद्धा ऐकतात.

दिवस कलला, क्रशर बंद झालं, आणि इनायत पाना घेऊन माझ्याकडे आला. दार उघडलं. बसला नाही, पायरीवर उभा राहिला आणि डावा हात माझ्या दांड्यावर ठेवला. हात लगेच गप्प झाला. ओळखीच्या माणसाकडे गेलेल्या पोरासारखा.

“तूच ह्याला बिघडवलं,” तो मला म्हणाला. “आता तूच सांभाळ.”

आणि त्याने माझा गियरचा दांडा काढायला घेतला. मालकाला विचारून आला होता. मालकाने का म्हणून विचारलं, त्याने सांगितलं, मालकाने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा मालक म्हणाले, ने बाबा. चार नट होते. त्यातले तीन सहज निघाले. चौथा गंजला होता, तो निघेना. इनायत त्याच्याशी उर्दूत बोलला, तेव्हा निघाला. मित्रांनो, दांडा नसलेला डंपर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण मी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर मी फार थकलो होतो, आणि कोणीतरी माझ्याकडून काहीतरी उपयोगाचं नेतंय, याचं बरं वाटत होतं.

पांढऱ्या गाडीत सीटच्या डाव्या बाजूला सत्यशीलाने एक लोखंडी पट्टी बसवली आणि तिच्यावर माझा दांडा उभा केला. तो कशालाच जोडलेला नव्हता. त्याच रात्री दिवे लावून केलेल्या पहिल्या खेपेला हात दांड्यावर गेला, दांडा हलवला, आणि मग तरीही बटणाकडे वळला. हात म्हातारा असला तरी भोळा नसतो. सत्यशीला विचारात पडली. मग म्हणाली, आवाज होऊन न्हाई राह्यला. तिने पट्टीला खाच पाडली, खाली एक स्प्रिंग लावली. आता दांडा ओढला की खट्‌ व्हायचं.

हिवर आला. खट्‌. हात मांडीवर परत. आणि गाडी पायथ्यापर्यंत कूंऽऽ करत आली. मी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. मी रडलो असतो, पण पांढरी गाडी आल्यापासून माझ्या रेडिएटरमध्ये पाणी भरायचं सगळे विसरले होते.

शुक्रवारी इंजिनियर आले. टापटीप, तरुण, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तातेराव सकाळपासून चहा पीत होते. पाच खेपा झाल्या, दहा झाल्या. तेरावी खेप झाली आणि क्रशरवरचा प्रत्येक माणूस कासव बघायला गाडीच्या काचेत डोकावून गेला. कासव नव्हतं. विसाव्या खेपेला इंजिनियर स्वतः शेजारी बसले. खाली उतरले तेव्हा बॅटरीत एकतीस टक्के शिल्लक होते, आणि त्यांचा चेहरा मात्र गोंधळलेला होता.

“ह्या गाडीला गियर नसतो,” ते म्हणाले. “हा दांडा कशाचा आहे?”

“सर, तो कशालाच जोडलेला न्हाई,” सत्यशीला म्हणाली.

“मग ठेवलाय कशाला?”

“जोडलेला न्हाई म्हणूनच.”

इंजिनियरनी दांडा पुढे केला, खट्‌. मागे केला, खट्‌. गाडीला काही झालं नाही. त्यांनी आणखी दोनदा केलं. मला वाटतं त्यांना आवडलं. इनायत बाजूला उभा होता, डावा हात पाठीमागे धरून, मार खायला आलेल्या पोरासारखा. शेवटी इंजिनियरनी वही काढली आणि लिहिलं: चालकाच्या हाताला आधार, स्थानिक बनावटीचा, समाधानकारक. गाडी इनायतकडे राहिली. तातेरावांनी लगेच सांगितलं की येत्या सव्वीस जानेवारीला शाल. इनायत म्हणाला, मालक, आता सत्यशीलाला द्या.

माझं म्हणाल तर, पुढच्याच आठवड्यात भंगारवाले मला न्यायला आले. आत बसले, सेल्फ मारला, मी खोकलो, त्यांनी गियर टाकायला हात नेला आणि तिथे काहीच नव्हतं. क्रेन घेऊन येतो म्हणाले आणि गेले ते अजून आलेले नाहीत. दांडा असल्यामुळे इनायत वाचला आणि नसल्यामुळे मी.

आता इनायत जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे येतो आणि सावलीला चटई टाकून बसतो. हल्ली तो चटईवर बसू शकतो, उठताना फक्त माझ्या मडगार्डला धरतो. मागच्या पावसाआधी त्याने एक जुनी शाल आणली आणि दांड्याच्या जागी माझ्या केबिनमध्ये जे भोक पडलं होतं, ते तिने गच्च बुजवलं. पाणी आत जाऊन गियरबॉक्स सडू नये म्हणून. जो गियरबॉक्स पुन्हा कधी फिरणार नाही, त्याची काळजी घेणं याला हिशोबात कुठेच जागा नाही. तरी त्याने कडा बोटाने दाबून दाबून पाहिल्या. त्या डाव्या हातानेच.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, दुकानात नवीन यंत्रं येतील. जरूर आणा. माझा धूर मीच एकोणीस वर्षं खाल्लाय, त्याची शिफारस मी करणार नाही. पण नवीन वस्तू आणाल त्या दिवशी जुन्या माणसाच्या शेजारी एक खेप बसून बघा, त्याचा हात कुठे जातो ते. तो चुकत असेल तर हसू नका. ती चूक आपणच कधीतरी शाबासकी देऊन शिकवलेली असते. त्याच्या हाताला काहीतरी धरायला द्या. आणि जुन्या वस्तूला, फार नाही, पावसाआधी एकदा येऊन विचारा, कुठून गळतंय का. माझ्या रेडिएटरचं उत्तर अजून हो असंच आहे.